ईश्वर वगळून!

जालन्याच्या कोर्टात साक्षीदारांना शपथ देण्याचं काम गिरिधररावांकडे होतं, आणि या कामात आपला हात धरणारा अख्ख्या मराठवाड्यात कोणी नाही, अशी त्यांची बालंबाल खात्री होती. निजामाच्या राजवटीत वीस वर्षं त्यांनी लोकांकडून 'खुदा को हाजिर-नाजिर जानकर' म्हणवून घेतलं. राज्य बदललं तसे ते 'ईश्वराला स्मरून'वर आले. "बोबडा येऊ द्या, बहिरा येऊ द्या," ते चहा पिता पिता सांगत, "शपथ न घेता माझ्यापुढून कोणी गेला न्हाई!"

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात हसनाबादचा कडूबा त्यांच्यापुढे आला. गेला मात्र नाही. उभाच राहिला!

खटला चिंचेच्या झाडाचा होता. सोनूबाई नावाच्या विधवेचं पोट त्या एका झाडावर चाले. शेजारच्या रामरावांनी ते रातोरात तोडलं, अशी तिची फिर्याद. रामराव म्हणत, वाऱ्यानं पडलं. तोडताना पाहिलं असं सांगणारा एकच माणूस, तो म्हणजे हा कडूबा. विहिरी खोदायचा, आणि पहारीसारखाच ताठ!

"म्हणा, मी ईश्वराला स्मरून..." गिरिधररावांनी झोकात सुरुवात केली.

कडूबा नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"ऐकू येत न्हाई का?"

"येतं की."

"मंग म्हणा!"

"तेवढं सोडून बाकी म्हणतो. देव मी पाह्यला न्हाई. इथं पाह्यलेलंच सांगायचं असतंय म्हणं."

कोर्टात खसखस पिकली. गिरिधररावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी भाव खाली आणला. "बरं, खंडोबा चालंल?"

"न्हाई."

"आईची घ्या."

"आई वारली."

"लेकराची?"

"त्या लेकरानं काय केलं?"

मुन्सिफसाहेब नव्यानं बदलून आलेले, तरुण गृहस्थ होते. ते हसू दाबत म्हणाले, "गिरिधरराव, नुसती प्रतिज्ञा द्या. कायद्यात सोय आहे."

सोय कायद्यात होती, पण गिरिधररावांच्या खणात नव्हती! प्रतिज्ञेचा कागद कधीच गहाळ झालेला. त्यांनी खण उपसला, शाईची दौत सांडली, आणि शेवटी तोंडानंच सुरू केलं. "म्हणा, मी गांभीर्यपूर्वक ईश्वराला..."

"आले पुन्हा!" कडूबा म्हणाला.

"मी प्रतिज्ञा करतो की, ईश्वर..."

"साहेब, हे मधी मधी कोण येऊन राह्यलंय?"

ईश्वर काढला की वाक्य पडायचं, वाक्य धरलं की ईश्वर यायचा! तिसऱ्या खेपेला गिरिधररावांच्या तोंडून चक्क 'खुदा' निघाला. मुन्सिफसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

शेवटी कडूबालाच त्यांची कीव आली. "लिहा, रावसाहेब. पाह्यलं तेवढं खरं सांगीन. न्हाई पाह्यलं ते सांगणार न्हाई. झालं?"

"झालं!" साहेब म्हणाले. "हेच घ्या."

कडूबानं सांगितलं. चार माणसं, दोन कुऱ्हाडी, कंदील धरून स्वतः रामराव. रामरावांचे वकील उसळून उठले. "देव मानत नाही, मग खोटं बोलायला तुला भीती कुणाची?"

"ती सोनूबाई बसली न्हाई का समोर?" कडूबा म्हणाला. "रोज तिच्या दारावरून जातो मी. तोंड कोणतं दाखवू?"

सोनूबाईनं पदर डोळ्याला लावला. पण वकील म्हणाले, नास्तिकाच्या शब्दाला काय किंमत? आमचा साक्षीदार बघा, साक्षात मारुतीचे पुजारी! आणि अष्टगंध लावलेले गजाननबुवा पिंजऱ्यात येऊन उभे राहिले. झाड वाऱ्यानं पडलं, हे ते सांगणार होते.

गिरिधरराव एव्हाना पार गोंधळले होते. जिभेला त्यांनी इतकं दटावलं होतं की आता ईश्वर बोलावूनही येईना! "म्हणा," ते घाईघाईनं म्हणाले, "पाह्यलं तेवढं खरं सांगीन, न्हाई पाह्यलं ते सांगणार न्हाई."

झाली चूक लगेच त्यांच्या ध्यानात आली. पुजाऱ्याच्या शपथेत देव नाही! आता नोकरी गेली!

पण गजाननबुवांचा चेहरा केवढा खुलला! ते पुढं वाकून कुजबुजले, "बिलकुल बराबर केलं, राव! देवाला मधे आणलं न्हाई ते लई बरं झालं. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई बघा."

बुवांचा आवाज आरतीनं कमावलेला. त्यांची कुजबुज मागच्या बाकापर्यंत गेली.

मुन्सिफसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "असं का, बुवा? मग आता ईश्वराला स्मरून सांगा बरं, झाड कशानं पडलं?"

बुवांनी रामरावांकडे पाहिलं. वर आढ्याकडे पाहिलं. मग पोट धरून खाली बसले. "साहेब, कळ आली... दोनच कुऱ्हाडी होत्या, तेवढं बराबर हाय."

सोनूबाईच्या बाजूनं निकाल लागला. कोर्ट उठताना साहेबांनी गिरिधररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुजाऱ्याला देव वगळून शपथ! काय युक्ती केलीत हो!"

"आपली कृपा," गिरिधरराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला, ताराबाईंना, सगळी हकिकत दोनदा सांगितली. ताराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं खरं. पण तुम्ही नेमकं केलं काय?"

गिरिधररावांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"तेच तर मला कळून न्हाई राह्यलं!"