हात वाचत नाय

पाटी रंगवायला बोलावलेला पेंटर एक अक्षरही न काढता निघून गेला आणि तरी सगळे खूश झाले, असं आमच्या धसईत एकदाच घडलं. ते पेंटर म्हणजे तात्या.

नव्वदच्या दशकात मी इथल्या पतपेढीत कारकून होतो. नव्या दाराला मोठं पितळी हँडल होतं आणि वर लिहिलं होतं, 'ढकला'. येणारा प्रत्येक जण हँडल धरून ओढायचा आणि मग ओशाळं हसायचा. मॅनेजर म्हणाले, "तात्या, अक्षर मोठं काढा. लाल रंगात." तात्या तासभर समोरच्या ओट्यावर विडी ओढत बसले, येणाऱ्यांचे हात बघत. मग उठले, हँडलच उपटलं आणि तिथे सपाट पत्रा ठोकला.

"हँडल दिसलं की माणूस ओढणारच. हात वाचत नाय," म्हणाले. "माणूस नाय चुकत, वस्तू चुकते."

हे वाक्य ते लग्नात बोलायचे, मयतातही बोलायचे. कोणी उंबऱ्याला ठेचकाळलं की पडलेल्याला उठवायच्या आधी उंबरा तपासायचे. गाव त्यांना अर्धवट म्हणे. मला मात्र गावात हा एकच माणूस पुरता शहाणा वाटायचा.

एकदा त्यांच्या घरी जेवायला थांबलो. त्यांच्या बायकोनं, सखूकाकूंनी, गर्द निळ्या थाळीत भात वाढला. डाळीला मात्र पांढरी वाटी.

"तात्या, जेवणातपण पेंटरकी?" मी चिडवलं.

काकू हंडा घेऊन बाहेर गेल्यावर ते हळू बोलले, "पांढऱ्या थाळीत तिला भात दिसत नाय. नजर चाललीये. डाक्टर म्हणतो, आता नाय सुधारायची."

मी दारातून पाहिलं. काकू विहिरीच्या पायऱ्या उतरत होत्या. प्रत्येक पायरीच्या काठाला पिवळा पट्टा ओढलेला होता. मी धावायला उठलो, तर तात्यांनी माझं मनगट धरलं.

"बसा. आज हात दिलात तर उद्यापासून ती घराभायेर नाय पडायची."

काकू भरला हंडा घेऊन एकेक पायरी चढून वर आल्या. आमची चाहूल लागली असावी. "काय बघताय रे दोघं?"

"कोण बघतंय तुला? आमी रंग बघतो, उडालाय जरा," तात्या म्हणाले.

माझ्या मनगटावर त्यांची पाचही बोटं उमटली होती.