परबांची पद्धत

मुलुंडला आमच्या शेजारी परब राहायचे. या माणसाच्या तोंडून 'माझं चुकलं' हे दोन शब्द कधी कुणी ऐकले नव्हते. आपल्या पायावर पाय दिला तर म्हणायचे, "तुमचा पाय मध्ये आला." त्यांचं घड्याळ रेडिओपेक्षा पाच मिनिटं पुढे असायचं आणि त्यांच्या मते रेडिओ मागे होता.

भांडुपच्या एका कारखान्यात ते फिटर होते. हाताला गुण होता, खोटं कशाला बोला. साहेबानं काढून टाकलेली जुनी गाडी त्यांनी घेतली आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लागू दिला नाही. "आपली पद्धत आहे," म्हणायचे. पद्धत अशी, की उतरवलेला प्रत्येक भाग पुसून गच्चीत चादरीवर उन्हात ठेवायचा, इंजिनाकडची बाजू खाली. मग उचलायचा आणि तसाच बसवायचा. डोकं वापरायचं नाही. डोकं चुकतं, पद्धत चुकत नाही.

त्या उन्हाळ्यात परबवहिनींची आई दहिसरला वहिनींच्या भावाकडे होती. पुढच्या आठवड्यात भाऊ तिला कायमची गावी सोडणार होता. त्याआधी चार दिवस तरी तिला आपल्याकडे आणा, म्हणून वहिनी नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या. म्हातारीचे गुडघे गेलेले, बसनं येणं शक्य नाही. शेवटी परब म्हणाले, रविवारी गाडीनं आणतो. पण क्लच स्लिप मारतोय, पवईचा चढ चढायची नाही. तेवढं करून घेतो.

शुक्रवारी त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, क्लच-प्लेटला नवं लायनिंग लावून आणलं आणि पद्धतीप्रमाणे प्लेट गच्चीत ठेवली. शनिवारी सगळं जोडलं. इंजिन चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला, तर अशी खरखर झाली की तिसऱ्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या. पेडल पार खाली गेलं तरी क्लच सुटायलाच तयार नाही.

मग माझी वाट लागली. परब गाडीखाली उताणे, मी आत पेडलवर. "दाबा. सोडा. दाबा." त्यांनी केबल ताणली, सैल केली, पुन्हा ताणली. माझी पोटरी भरून आली. प्लेट उलटी तर नाही ना बसली, असं मी भीत भीत विचारलं. "आपली पद्धत आहे," गाडीखालून उत्तर आलं. वहिनी दोनदा चहा घेऊन आल्या, तिसऱ्यांदा नुसत्याच उभ्या राहिल्या. आई पिशवी भरून बसली असेल, एवढंच बोलल्या.

रविवारी सकाळी परबांनी निमूटपणे गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. प्लेट उलटीच होती. मधला फुगीर भाग इंजिनाला घासून चकचकीत झाला होता. त्यांनी ती हातात उलटसुलट फिरवून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "शुक्रवारी गच्चीत तुम्ही होता ना?"

होतो. बायकोनं मला पापडांवरचे कावळे हाकायला बसवलं होतं. आणि मला एकदम आठवलं. दुपारी वहिनी वर आल्या, त्यांनी एकेक करून सगळे पापड उलटले आणि ओळीत शेवटी ठेवलेली प्लेटही उलटून ठेवली. मी समोर बसून बघत होतो. मला त्यात काही म्हणजे काही वावगं वाटलं नाही.

मी सांगून टाकलं. म्हटलं, झालं, आता हा माणूस जिन्यातूनच ओरडत जाणार. जन्मात पहिल्यांदा खरोखर दुसऱ्याची चूक त्यांच्या हाती लागली होती. परबांनी गाडीखाली सरकून प्लेट सुलट बसवली. दुपारी गिअर अलगद पडला.

वहिनी पदर खोचून धावत खाली आल्या. काय झालं होतं हो, म्हणाल्या.

परब चिंधीला हात पुसत राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, गप्प राहा असं.

"प्लेट उलटी बसवली मी," ते म्हणाले. "माझं चुकलं."

मी पाने-पक्कड गोळा करायला वाकलो. वहिनी मात्र हसल्या, असू दे, होतं माणसाकडून म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. संध्याकाळी म्हातारी आली.

पुढे कित्येक वर्षं वहिनी येईल-जाईल त्याला हा किस्सा सांगायच्या. यांच्या हातून जन्मात एकदाच चूक झाली, पण कबूल केली हो. परब शेजारी बसून सुपारी कातरत ऐकायचे. मी असलो तर अडकित्ता थांबवून म्हणायचे, "तुम्ही पापड घ्या."