कात्री ऐकणारे दत्तू मिस्त्री

माणसं कलिंगड वाजवून घेतात, मडकं वाजवून घेतात. आमचे दत्तू मिस्त्री पत्रा कापायची कात्री वाजवून घेत. दुकानात उभं राहायचं, कात्री कानापाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि सावकाश उघडझाप करायची. दहा वेळा, वीस वेळा. दुकानदार मधे काही बोलला तर डोळे न उघडताच हात वर करायचे. गप्प. ती बोलतेय.

"काय बोलते?" कल्याणच्या एका दुकानदाराने एकदा विचारलं.

"बोलते, मला नेऊ नका, दोन दिवसांत मरेन," मिस्त्री म्हणाले आणि कात्री ठेवून खाली उतरले.

डोंबिवलीत एमआयडीसीच्या मागच्या अंगाला त्यांची शेड होती. कारखान्यांतल्या मशीनच्या पट्ट्यांवर बसवायची कव्हरं तिथे बनत. फिरत्या पट्ट्यात कोणाचा हात जाऊ नये, म्हणून ती. मिस्त्री पत्रा कापत, एक वेल्डर तो जोडे आणि मी कापलेल्या कडा कानशीने घासून बोथट करत असे. माझ्या आधी हे काम माझा नवरा करायचा. तो गेला, तेरावं झालं आणि मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, कानस पडून आहे." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी गेले. सांत्वन करणं त्यांना जमत नसे आणि मला ते नको होतं.

पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात. मिस्त्री माणसंही गेजमध्येच मोजत. चाळीचा नवा सेक्रेटरी म्हणजे "सव्वीस गेज, नुसता फुंकला तरी वाजतो." स्वतःचा जावई "बावीस गेज, पण गंज नाय." मी कामाला लागले त्याच आठवड्यात मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही सोळा गेज."

मी चौथीपुढे शिकले नाही, पण बाविसापेक्षा सोळा कमी हे मला कळतं. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको मंदा डबा घेऊन आली. तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याने मला जावयाहून हलकी ठरवली.

"अगं, उलट असतं ते," मंदा म्हणाली. "आकडा लहान तेवढा पत्रा जाड. मला तर अठराच म्हणतात."

मग मी बोलायला लागले. जाड म्हटल्याचा राग यायला हवा होता, हे फार उशिरा लक्षात आलं.

तर कात्री. सोळा गेजचा पत्रा कापायची कात्री ही काही शिंप्याची कात्री नव्हे. चांगला हातभर लोखंडी ऐवज असतो. मिस्त्री ती घ्यायला निघाले की मंदा म्हणे, "मला बघायला आले तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणाले. कात्रीला मात्र तीन-तीन आठवडे बघतात."

मिस्त्रींचं म्हणणं असं, की बायको सुधारते, कात्री सुधारत नाही.

पहिलं ते मधला जोड बघत. रिवेट मारलेली असेल तर हातही लावत नसत, कारण रिवेट सैल झाला की संपलं. नटबोल्ट पाहिजे, म्हणजे आवळता येतो. मग पात्यावर नखाने टिचकी. ओतीव लोखंड ठप्प वाजतं, घडीव छन्न करतं. मग मिटलेली कात्री उजेडासमोर धरायची. पात्यांमधे केसाएवढी फट दिसली पाहिजे आणि टोकं मात्र टेकली पाहिजेत. दांडे लांब हवेत, कारण जाड पत्र्याला जोर दांडे देतात. आणि दांडे पूर्ण मिटले तरी मधे बोटभर जागा उरली पाहिजे, नाहीतर तळहाताची कातडी चिमटते. एवढं झालं की कान.

आणि कानातूनही पास झाली तर शर्टाच्या खिशातून सोळा गेजची पट्टी निघे. ही पट्टी त्यांच्या खिशात बारा महिने असायची. तिने इतके खिसे फाडले, की मंदाने वैतागून सगळ्या शर्टांना आतून ताडपत्रीचे तुकडे शिवले. पट्टी एका दाबात सरळ कापायची. मग दुकानदाराकडे पाणी मागायचं. दुकानदार पेला पुढे करी, मिस्त्री त्यात वर्तमानपत्राचा तुकडा बुचकळत आणि कात्रीच्या टोकाने तो ओला कागद कापत.

"जाड पत्रा कापला म्हणजे ताकद," ते म्हणत. "त्याच्यावर ओला कागद कापला म्हणजे अक्कल. दोन्ही एका जागी सापडत नाय, कात्रीतपण नाय, माणसातपण नाय."

डोंबिवलीतले दोन हार्डवेअरवाले त्यांना लांबून बघूनच कात्र्या संपल्यात म्हणून सांगत.

हे सगळं मजेत चाललेलं. एका होळीनंतर मिस्त्रींचा उजवा हात बिघडायला लागला. आधी पत्रा अर्ध्यावर अडकायचा. मग चहाचा कप डाव्या हातात आला. मनगटातलं बळच गेलेलं. वेल्डरला दिसत होतं, मला दिसत होतं, मंदा घरी बघतच होती. मिस्त्री एकटेच म्हणत, "ह्या कात्रीला काय झालंय." ज्याने तीस वर्षं लोखंडाचं खोटं पकडलं त्याला तुमचा हात गेला म्हणून कोण सांगणार.

नेमकी तेव्हाच एका कारखान्याची मोठी ऑर्डर आली. चाळीस कव्हरं, सगळी गोल तोंडाची, दिवाळीच्या आत. सरळ काप बाहेरच्या मशीनवर करून आणता आले असते, गोल काप हातानेच करायचे. कारखान्याचा माणूस सांगून गेला, वेळेत झालं नाही तर यापुढचं सगळं काम दुसरीकडे देऊ. आम्हाला मुख्य काम त्यांचंच होतं. ते गेलं की शेडला कुलूप, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

मिस्त्रींनी कापायला दोन माणसं ठेवून बघितली. पहिला जेवायच्या सुट्टीला गेला तो गेलाच. दुसऱ्याने पत्र्याच्या कात्रीने तार कापली. तार कापली की पात्याला दात पडतात, आणि दात पडलेली कात्री पत्रा कापत नाही, चावते. मिस्त्रींनी त्याला शिवीसुद्धा नाही घातली. चप्पल दाखवली. त्याचीच, दारातली.

मी एकदा कोणी नसताना स्वतः कात्री घेऊन बघितली. मी डावखुरी. शाळेत गुरुजींनी छडीने आणि घरी सासूने लाटण्याने मला उजवी करायला बघितलं. लिहिणं तेवढं उजव्या हातात गेलं, बाकी मी आहे तशीच राहिले. डाव्या हाताने कात्री दाबली तर पातंच रेघेवर आडवं आलं, कुठे कापतेय ते दिसेना, आणि पत्रा कापायच्या ऐवजी पात्यांत दुमडून बसला. मागे वळून बघते तर मिस्त्री दारात. मी दुमडलेला पत्रा सोडवून ठेवून दिला.

त्यानंतर त्यांचं दुकानं फिरणं वाढलं. आज डोंबिवली, उद्या कल्याण. संध्याकाळी हात हलवत यायचे आणि चिडून बसायचे. "डावी मागितली तर काय वाट्टेल ते दाखवतात."

आता डावी कात्री म्हणजे डावीकडे वळण कापणारी. उजवीही असते. पत्र्याच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक. आमच्याकडे डावी एक होती, चांगली होती. आणखी कशाला हवी, असं वेल्डर मला हळूच म्हणाला. मी म्हटलं, हात कामातून गेलाय हे कबूल करण्यापेक्षा कात्री सापडत नाही म्हणणं सोपं आहे.

मग एका सकाळी मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तुमची बहीण वर्तकनगरला राहते ना? चला, मी ठाण्याला चाललोय."

बहिणीसाठी मी चिंबोऱ्यांचा रस्सा डब्यात भरला आणि निघाले. पण स्टेशनाबाहेर आल्यावर मिस्त्री बसस्टॉपकडे न वळता बाजाराकडे वळले. एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबले. गल्ल्यावर म्हातारे शेठ होते.

"आलात?" शेठ म्हणाले. "पाण्याचा पेला बाहेर काढू की आज नुसतं ऐकणार?"

"डावी दाखवा."

शेठनी एक ठेवली. मिस्त्रींनी बाजूला सारली. दुसरी ठेवली. तीही सारली. तिसरीला शेठचा आवाज चढला. "मिस्त्री, ही डावी, ती पण डावी, ही तर डावीची पण आई. अजून किती डावी पाहिजे?"

"डावीकडे वळणारी नको, शेठ. डाव्या हाताची पाहिजे."

"तुम्ही तर उजवे."

"मी कुठे कापणार आहे?"

शेठनी दुकानभर बघितलं. दुकानात त्या दोघांशिवाय मीच होते आणि माझ्या हातात रश्श्याचा डबा होता.

"ह्या," मिस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, "मला विचारलंत?"

"आता विचारतोय."

"मी कानस मारते."

"कानस कोणीपण मारेल."

"कोणीपण मारणार होतं तर इतकी वर्षं मला कशाला ठेवलंत?"

शेठनी पोऱ्याला न बोलावता स्वतः दोन स्टुलं पुढे सरकवली. त्यांना हे ऐकायचं होतं. पण मिस्त्री त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "आहे की नाय ते सांगा. नसेल तर निघतो."

"एक आहे," शेठ म्हणाले. "पण ती बिघडलेली. पाती उलटी लावून आलीये. दोनदा विकली, दोन्ही गिऱ्हाईकांनी शिव्या घालून परत केली."

मिस्त्री उभे राहिले. "काढा."

माळ्यावरून तेलकट कागदातली कात्री खाली आली. वरचं पातं खरंच भलत्या बाजूला होतं. मिस्त्रींनी नटबोल्ट बघितला, टिचकी मारली, उजेडाला धरली. मग ती डाव्या हातात घेतली, डाव्या कानाला लावली. खिशातली पट्टी काढून माझ्यासमोर धरली.

"दाबा."

मी डबा ठेवला, कात्री डाव्या हातात घेतली आणि दाबली. रेघ दिसत होती. एवढंच मला आठवतं, की पातं मधे आलं नाही आणि रेघ शेवटपर्यंत दिसत राहिली. पट्टीचे दोन तुकडे झाले. मग ओला कागद. तोही कापला.

"काय बोलली?" शेठनी विचारलं.

"काय नाय," मिस्त्री म्हणाले. "चांगली कात्री गप्प असते."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हाताचं कधी कळलं?"

"होळीला."

"आम्हाला वाटलं तुम्हाला पत्ता नाही."

"मनगट माझं आहे, वहिनी."

"मग आणखी एखादा माणूस बघायचा. मीच कशाला?"

त्यांनी कात्रीचं पुडकं डाव्या काखेत धरलं. मग म्हणाले, "वाकडं कापलं की कुठे लागतं, हे घासणाऱ्याला माहीत असतं. कापणाऱ्याला कधीच माहीत नसतं. मलापण नव्हतं."

रस्सा बहिणीकडे पोचला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. मिस्त्री तिथे दोन ताटं जेवले, डाव्या हाताने, सांडत. बहीण बघत राहिली. मी तिला दुसरीकडे बघ म्हणून खुणावलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कापायला लागले. पहिली दोन कव्हरं फुकट गेली. मिस्त्री पाठीमागे उभं राहून ती कुठे चुकली ते सांगत. तिसरं जमलं. त्याला त्यांनी चांगलं म्हटलं नाही, वेल्डरकडे सरकवलं. मला तेवढं पुरे होतं. चाळीस कव्हरं वसुबारसेच्या आदल्या दिवशी टेम्पोत चढली. शेड त्यापुढे आठ वर्षं चालली.

पण सांगायचं ते वेगळंच. कापायला लागले त्या पहिल्या दिवशी, दुपारी मी मान वर केली तर मिस्त्री दारापाशी, मी कानस मारायला बसायचे त्या गोणपाटावर बसलेले. समोर मी कापलेला पत्रा, हातात कानस. कानशीला दोन्ही हात लागतात, मनगटाचं काम कमी. पण ते ती उलटसुलट ओढत होते, करवतीसारखी, आणि पत्रा किंचाळत होता. तीस वर्षं शेजारी बसून माणसाला एवढंही दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, "असं नाही करत. पुढे जाताना दाबायचं, मागे येताना उचलायचं."

या माणसाने वेल्डरचं कधी ऐकलं नाही, दुकानदारांचं नाही, मंदाचं तर नाहीच. मला वाटलं, आता माझा गेज बदलतो.

ते थोडे बाजूला सरकले. गोणपाटावर जागा केली.

"शिकवा," म्हणाले.