परीटआळीच्या भयपरीक्षेची हकीकत

श्री. ज्याचा ठाव ब्रह्मादिकांस लागला नाही आणि जे धन्याच्या घरी राहोन धन्यासच ओळख देत नाही, त्या मनास आधी नमन असो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, भाद्रपद मासी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले कीं, शेजारचा राजा फौज जमवितो ही बातमी आली आणि महाराजांचे चित्तास घोर लागला, कीं आपली रयत प्रसंगी उभी राहील किंवा पळेल. तेव्हां व्यंकटशास्त्री म्हणोन मनाची परीक्षा जाणणारे थोर पंडित दरबारी होते, ते बोलिले, "रयतेस पुसून कळणार नाही. पुसले म्हणजे मन मुंडासे बांधोन बाहेर येते. त्यास गाफील गाठावे." महाराजांस बोल मानवला. मग शंभर असामी, थोर-लहान, बाया-पुरुष, सर्व पेठांतून चिठ्ठ्या टाकोन निवडाव्या, म्हणजे शंभरांत अवघे राज्य दिसेल, ऐसे ठरले आणि काम निळो मोरेश्वर कारकुनास सांगितले. निळोपंत नेकीचा माणूस, बायको वारल्यावर दप्तर हाच त्याचा संसार. त्याने चार दिवस बसोन चिठ्ठ्या केल्या, घागरीत घातल्या आणि शास्त्रीबोवांपुढे एकेक काढू लागला. पहिली सेनापतींच्या मेहुण्यांची निघाली, ती शास्त्रीबोवांनी बाजूस ठेविली, कीं त्यांस धावणे सोसत नाही. दुसरी सरदारांच्या मातुःश्रींची, त्यांचा उपास. तिसरी खुद्द शास्त्रीबोवांच्या व्याह्यांची, तेथे बोलणेच खुंटले. ऐसे होता होता घागर उपडी जाहली आणि हाती शंभर असामींची परीटआळी तेवढी राहिली, कारण ती तळ्याच्या बांधाखाली, वाड्यास जवळ, आणि नाही म्हणणे तिच्या अंगवळणी नव्हते. निळोपंत म्हणाला, "शास्त्रीबोवा, ही तर एकच आळी." शास्त्रीबोवा म्हणाले, "मन सर्वत्र सारखेच. चिठ्ठ्या टाकोन निवड जाहली ऐसे लिहा. टाकल्या ना?" टाकल्या होत्या. निळोपंताने लिहिले.

मग संमतीवाचून परीक्षा करणे अधर्म, म्हणोन शास्त्रीबोवांनी संमतिपत्र रचिले, ते संस्कृतात रचिले, आणि निळोपंत शाईची वाटी घेऊन दारोदार फिरला. त्या आळीत राही परटीण होती, नवरा मोहिमेवर गेलेला, घरी कडेवरची मुलगी आणि सासू धोंडाई, ती दोन वर्षे अंथरुणास खिळलेली. राहीने पुसले, "पंत, यात काय लिहिलंय?" निळोपंताचे संस्कृत बेताचेच. तो म्हणाला, "राज्याच्या कल्याणाचे आहे." राही म्हणाली, "राज्याचं कल्याण माझ्या अंगठ्यावर अडलंय होय," आणि हसत अंगठा उठविला. धोंडाईस कोणी पुसले नाही. जी उठत नाही ती पळणार कशी, म्हणोन ती मोजणीत नव्हती.

पंचमीस सकाळी दवंडीवाला आळीत ओरडत शिरला, कीं तळ्याचा बांध फुटला, टेकडी गाठा. शास्त्रीबोवा उंच ओट्यावर घटिकापात्र मांडोन बसले होते आणि निळोपंत वहीत लिहीत होता, कोण किती वेळात निघाला आणि हाती काय घेतले. कोणी शेळी घेतली, कोणी देव घेतले, एकाने तर सरदारांची धुवावयास आलेली शाल डोईवर घेतली. राही मुलीस घेऊन निघाली, उंबऱ्यावर थांबली, आत पाहिले, आणि पळाली. निळोपंताने लिहिले, "राही परटीण, उंबऱ्यावर एक पळ खोळंबा, हाती मुलगी." घटकेत आळी ओस पडली आणि शास्त्रीबोवा संतोष पावोन भोजनास उठले. निळोपंत म्हणाला, "आता त्यांस खरे सांगावे." शास्त्रीबोवा म्हणाले, "सांगणे हा परीक्षेचा भाग नव्हे. पाणी आले नाही हे त्यांस दिसेलच." निळोपंताने वाढलेले पान तसेच ठेविले आणि टेकडी चढला आणि सांगितले. कोणी हसले, कोणी दवंडीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. राही मुलीस कडेवर घेऊन उतरू लागली आणि निळोपंत मागोमाग गेला. घराशी येऊन ती दारातच उभी राहिली.

"पंत, बांध फुटला हे खोटं. बरं झालं. पण मी म्हातारीला टाकून पळाले, ते खरं का खोटं? तुमच्या वहीत बघून सांगा."

निळोपंताने वही उघडली नाही. आतून धोंडाई म्हणाली, "अगं, मीच म्हटलं असतं, पोरीला घे नि पळ. ओठावर आलं होतं. तू पुसलं नाहीस." मग म्हणाली, "पंत, तुम्हीही नाही पुसलंत."

राही म्हणाली, "माझा अंगठा परत द्या."

अंगठा परत देण्याची रीत दप्तरी नव्हती. निळोपंताने तिचे संमतिपत्र काढिले, वहीतले पान फाडिले, आणि दोन्ही तिच्या हाती दिली. तिने ती चुलीत घातली आणि सासूच्या अंघोळीचे पाणी ठेविले.

पुढे दरबारी शास्त्रीबोवांनी निकाल वाचला, कीं नव्व्याण्णव असामी तपासिल्या, अवघ्या पळाल्या, सबब रयत भित्री. महाराजांनी पुसले, "शंभरावी?" निळोपंत पुढे होऊन म्हणाला, "तिने आपले पान मागितले, महाराज. तिचेच होते, दिले." दप्तर फाडिल्याबद्दल निळोपंताची चाकरी गेली आणि शास्त्रीबोवांस पालखी मिळाली. मग भित्र्या रयतेच्या रक्षणार्थ कोट दुप्पट उंच करावा ऐसे ठरले आणि वेठीस परीटआळी धरिली, कारण ती चपळ असल्याचे वहीत सिद्ध होते. शत्रू आलाच नाही. त्याच्याही दरबारी एक शास्त्री होते आणि त्याचीही रयत भित्रीच निघाली होती.

येणेप्रमाणे भयपरीक्षा जाहली. निळोपंत पुढे परीटआळीच्या तोंडाशी बसोन ज्याचा त्याचा कागद अंगठ्याआधी वाचून दाखवी आणि भाजीभाकरीवर गुजराण करी. राही सासूस कूस वळविण्याआधीही पुसे, आणि म्हातारी त्रासून म्हणे, "किती पुसशील." या लेखात त्या दोघींची व निळोपंताची नावे घातली ती त्यांस पुसोन घातली. शास्त्रीबोवांस पुसावयाचे राहिले.