ताकद एकोणीस, बुद्धी एक

"तू बघच! सोमवारी आमच्या गेमला पैसे लावणाऱ्या त्या प्रकाशकबाई येतील, गेममधल्या पहिल्या दाराशी पोचतील, आणि माझे संवाद वाचता वाचता तलवार काढायचंच विसरतील!" पल्लेदारने चहाचा कप ठेवत बायकोला सांगितलं.

"आणि नाही विसरल्या तर?" बायको किल्ल्या शोधत म्हणाली.

"तर माझी नोकरी जाईल. पण विसरतील!"

पल्लेदार हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो पात्रांचे संवाद लिहायचा, आणि नुसतं 'आत या' म्हणायला त्याच्या पात्रांना पाच ओळी लागायच्या, म्हणून ऑफिसने त्याचं हे बारसं केलं होतं. गेम जुन्या वळणाचा. एक वीर घेऊन हिंडायचं, आणि जो भेटेल त्याच्याशी एक तर बोलायचं, नाही तर लढायचं. बोलायचं म्हणजे पडद्यावर तीन-चार वाक्यं येतात, त्यातलं एक निवडायचं. लढायचं म्हणजे बटण दाबायचं आणि दाबतच राहायचं, असं निदान पल्लेदारचं मत होतं. लढाया बनवणाऱ्या धडामचं मत नेमकं उलटं. "वाचायचंच असतं तर लोकांनी पुस्तक नसतं का घेतलं?" असं तो रोज विचारायचा आणि रोज दोघांचं वाजायचं.

आता मात्र दोन्ही पुरं करायला वेळ उरला नव्हता. संवाद ठेवायचे की मारामारी, हे बाई खेळ बघून ठरवणार होत्या. जे जाईल त्याचा माणूसही जाईल, असं साहेबांनी बिस्किट बुडवता बुडवता सांगून टाकलं होतं. पल्लेदारची अकराशे पानं तयार होती. पहिल्या दारावरच्या एकट्या पहारेकऱ्याच्या दुःखाला चाळीस!

सोमवारी बाई आल्या. पल्लेदारने बुद्धिमान, हळवा, शब्दाला शब्द देणारा असा एक वीर आधीच बनवून ठेवला होता. तो माऊसला हात घालणार, एवढ्यात साहेब म्हणाले, "सरक. मी खेळून दाखवतो."

"साहेब, तुम्ही कशाला त्रास..."

"अरे, त्रास कसला! आणि हा कसला मरतुकडा वीर? नवा करू." वीर बनवताना वीस गुण ताकद आणि बुद्धी यांत वाटायचे असतात. साहेबांनी एकोणीस ताकदीला दिले. बुद्धीला उरला एक. "पुरे की!" साहेब म्हणाले.

पल्लेदारच्या तोंडचं पाणी पळालं. कारण एक भानगड फक्त त्यालाच ठाऊक होती. वीराची बुद्धी एकवर आली की गेममध्ये त्याला वेगळी वाक्यं मिळत. मठ्ठ माणूस कसा बोलतो, ते पल्लेदारने कंटाळवाण्या दुपारी गंमत म्हणून लिहिलं होतं. लिहिलं कसलं! साहेब मीटिंगमध्ये जे बोलायचे, तेच शब्द न शब्द उतरवून काढलं होतं!

पहिलं दार आलं. पहारेकरी बोलू लागला, "हे वीरा! या दाराआड तीनशे वर्षांचं दुःख निजलेलं आहे..."

साहेबांनी सवयीने पहिलंच वाक्य निवडलं. वीर म्हणाला, "एका वाक्यात सांग."

"दार... बंद आहे," पहारेकरी चाचरला.

"मी तेच म्हणत होतो," वीर म्हणाला.

पहारेकऱ्याने मुकाट्याने दार उघडलं. बाई खुदकन हसल्या. धडामने संशयाने पल्लेदारकडे बघितलं, आणि पल्लेदारने छताकडे.

मग आला ड्रॅगन. धडामने त्याच्या लढाईवर आठ महिने घालवले होते. तो खुर्चीच्या टोकावर येऊन बसला. "आता बघा, बाई!"

ड्रॅगनने जबडा उघडला. "मर्त्य मानवा! मी अग्नीचा आदिपुरुष..."

"हे आजच्या आज झालं पाहिजे," वीर म्हणाला.

"काय झालं पाहिजे?"

"ते तू बघ. मला डिटेल नको."

ड्रॅगनने थोडा वेळ विचार केला. मग पंख मिटले आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या गुहेची वाट धरून निघून गेला. धडामच्या आठ महिन्यांतला एक ठोसाही कोणाला दिसला नाही. बाई मात्र डोळे पुसत होत्या. "अहो, हे कोणी लिहिलंय?"

साहेब पडद्याकडे टक लावून बघत होते. "ही वाक्यं... कुठंतरी ऐकल्यासारखी वाटतात."

"साहेब," धडामला कंठ फुटला, "ही तर तुमचीच..."

आता एकच वाट होती, आणि पल्लेदारने तिच्यावर डोळे मिटून उडी घेतली. "साहेबांनी! साहेबांनीच लिहिलंय! शब्द न शब्द त्यांचा! मी नुसतं टाइप केलं!"

साहेबांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग नम्रता, आणि मग अशी काही ऐट आली की खुर्ची पुरेना. "छे, छे! त्यात काय एवढं! सुचतं आपलं मीटिंगमध्ये."

"मग ठरलं!" बाई म्हणाल्या. "मारामारी तोंडी लावण्यापुरती ठेवा. बोलणं मात्र सगळं असंच हवं, आणि तुम्हीच लिहायचं! ते मघाचं तीनशे वर्षांचं दुःख वगैरे तेवढं काढून टाका. फार बोलतो तो पहारेकरी."

अकराशे पानं संध्याकाळच्या आत गेममधून गेली. पल्लेदारची नोकरीही गेलीच होती, पण ऐन वेळी धडामला त्याची दया आली. की सूड सुचला, देव जाणे! "साहेब, माझे राक्षस मार खाताना मुके असतात. त्यांच्या ओरडण्याला लेखक पाहिजे."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं? संवाद वाचले का?"

"वाचले."

"आणि तू?"

पल्लेदारने दिवसाचं काम तिच्या हातात ठेवलं. कागदावर एकाखाली एक लिहिलं होतं: आ! ऊ! अगं आई गं! मेलो!

बायकोने कागद वरपासून खालपर्यंत बघितला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि कौतुकाने म्हणाली, "लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तुझं काहीतरी शेवटपर्यंत वाचून झालं ते आज पहिल्यांदा!"