शरयूताईंचं च्यक्

शरयूताई नाडकर्णी ‘नाही’ हा शब्दच वापरत नसत. नाही म्हणायचं असलं की जीभ टाळूला लावून त्या ‘च्यक्’ करायच्या आणि विषय संपायचा. चहा घेणार? च्यक्. ऊन लागतंय? च्यक्. आपल्याकडे च्यक् सगळेच करतात, पण तोंडी लावण्यापुरतं. शरयूताईंचं ते मुख्य जेवण होतं. आखूड च्यक् म्हणजे नको. मान कलती करून केलेलं लांब च्यक् म्हणजे नको, आणि तू विचारलंसच कसं?

सिंगापूरला मात्र हे कुणाला कळायचं नाही. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, एका मुलाने त्यांना जागा देऊ केली, तर त्या च्यक् म्हणाल्या. तो बिचारा तीन स्टेशनं अर्धवट वाकून उभा होता. हॉकर सेंटर या तिथल्या खाऊगल्लीतल्या नूडल्सवाल्याला तर च्यक् म्हणजे ‘वा, झकास’ असं वाटायचं. तो आणखी एक चमचा मिरची घालायचा आणि शरयूताई डोळे पुसत जेवायच्या.

त्या माझ्या वर्गमैत्रीण होत्या. वय एक्कावन्न. माझं बावीस. परदेशी पशुपक्ष्यांची निगा आणि प्रशिक्षण असा आमचा वर्षभराचा डिप्लोमा होता. मी साताऱ्याहून आलेला, जुरोंग ईस्टला एका फ्लॅटमध्ये चौघांत राहणारा. वडिलांनी गावात ‘पोरगा जनावरांचा डॉक्टर होतोय’ असं सांगून ठेवल्यामुळे मला फोनवर लोकांच्या म्हशींचे फोटो यायचे. नापास होऊन परत जायची सोय मला नव्हती. शरयूताई मरीन परेडच्या काँडोत, चौदाव्या मजल्यावर राहायच्या. यजमान मोठ्या कंपनीत मॅनेजर, महिन्यातले वीस दिवस जकार्ता नाहीतर मनिला. मुलगी त्याच वर्षी मेलबर्नला शिकायला गेलेली. पहिल्या दिवशी आमच्या शिक्षिका मिस टॅननी सगळ्यांना विचारलं, हा कोर्स का निवडला? पोरंपोरी प्राण्यांवरच्या प्रेमाबद्दल भरभरून बोलली. शरयूताई म्हणाल्या, “मंगळवार आणि गुरुवार मोकळे होते.”

प्राण्यांना त्या सरसकट नात्यात बसवायच्या. इग्वाना हा भलामोठा सरडा म्हणजे त्यांचे थोरले दीर. “ऊन मिळालं की हलायचं नाव नाही.” अजगराला विचारायच्या, “जेवलात का?” अजगर पंधरा दिवसांतून एकदा जेवायचा, त्यामुळे शरयूताईंच्या जिवाला घोर लागायचा.

मिस टॅननी आमची जोडी लावली आणि आम्हाला अंकल दिला. अंकल म्हणजे पांढरा काकाकुवा, वय चाळीसच्या आसपास. त्याचा म्हातारा मालक वारला आणि नातेवाइकांनी पिंजरा आमच्या संस्थेत आणून ठेवला. एकटेपणाने त्याने छातीवरची सगळी पिसं उपटून काढली होती. वर तुरा आणि खाली उघडी गुलाबी कातडी, असं ते ध्यान होतं. “चाळिशीच्या पुरुषाला अरेतुरे कसं करायचं?” असं म्हणून शरयूताई त्याला अहोजाहो करायच्या.

त्याला एका पक्षीकेंद्रात पाठवायचं होतं. तिथे त्याच्या जातीचे आणखी पाच होते. पण प्रवासाच्या पेटीत त्याने स्वतःच्या पायांनी शिरायला हवं होतं. मागे एकदा टॉवेल टाकून पकडलं तेव्हा त्याला धाप लागली, तो तळाशी आडवा झाला आणि ऑक्सिजन देऊन कसाबसा वाचला. त्याचं हृदय दुबळं आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्याला पेटीत जायला शिकवणं हीच आमची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि मार्क जोडीला.

शिकवायची पद्धत सोपी. हातात प्लास्टिकची छोटी डबी असते, दाबली की ती टिक् वाजते. पक्ष्याने हवं ते केलं की त्याच क्षणी टिक् करायचं आणि लगेच सूर्यफुलाचं बी द्यायचं. टिक् म्हणजे ‘शाबास, हेच हवं होतं’. एवढं पक्ष्याला एकदा कळलं की झालं.

आमचं काही होईना. अंकल ऐटीत पेटीपर्यंत यायचा, उंबऱ्यावर एक पाय ठेवायचा आणि गर्रकन वळून शरयूताईंकडे परत. “जाऊ दे हो अंकल,” म्हणत त्या त्याला समजुतीचं एक बी द्यायच्या. दोनदा पक्षीकेंद्राची गाडी येऊन रिकामी गेली. मिस टॅन लांबून ओरडायच्या, “आंटी, टायमिंग, टायमिंग!” आम्हाला वाटलं, आम्ही उशिरा येतो. आम्ही दहा मिनिटं आधी येऊ लागलो.

मग मिस टॅननी सांगून टाकलं, “धिस फ्रायडे लास्ट वन. देअर साइड कॅनॉट वेट ऑलरेडी. ही डोंट गो इन, वी यूज टॉवेल लाह.” शेवटचं वाक्य त्या आमच्याकडे न बघता बोलल्या.

बुधवारी संध्याकाळी एमआरटीत मी सरावाचे व्हिडिओ बघत होतो. कानात इअरफोन होते म्हणून ऐकू आलं. अंकलचा पाय उंबऱ्यावर. अंकल वळतो. च्यक्. बी. पुन्हा पाय, पुन्हा वळतो. च्यक्. बी. मी ताडकन उठून उभा राहिलो. डबीचं टिक् आणि ताईंचं च्यक्, आवाज हुबेहूब एकच! त्या त्याला नाही म्हणत होत्या आणि त्याला शाबास ऐकू येत होतं. गेले सहा आठवडे आम्ही त्याला पेटीत न जायला शिकवत होतो, आणि तो पहिल्या नंबराने पास झाला होता.

आता मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची? मीच. आईच्या वयाच्या बाईला, जिच्या डब्यातली थालीपिठं मी सहा आठवडे खाल्ली तिला, सांगायचं की तुमच्यामुळे हा पक्षी मरेल. गुरुवारी सकाळी मी चाचरत व्हिडिओ दाखवला. “ताई, एवढं च्यक् फक्त बंद करा. उद्यापर्यंत.”

त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, “बरं.” त्या दिवशी त्यांनी सराव घेतलाच नाही. नुसत्या पिंजऱ्यासमोर बसून राहिल्या. मी मनातल्या मनात त्यांना आणि स्वतःला शिव्या घातल्या.

शुक्रवारी दहाला गाडी आली. डॉक्टर आले. मिस टॅनच्या हातात घडी केलेला निळा टॉवेल होता. शरयूताई एकट्या आत गेल्या, आम्ही जाळीबाहेर. अंकल दांडीवरून उतरला, चालत पेटीपाशी आला, उंबऱ्यावर पाय ठेवला आणि वळला. वळून त्यांच्याकडे बघत थांबला.

शरयूताईंनी ओठ घट्ट मिटले होते. हातातली डबी गप्प.

अंकलने तुरा उभारला, मान वाकडी केली. चला, लवकर म्हणा, असा त्याचा चेहरा. ताई हलल्या नाहीत. मिस टॅननी घड्याळ बघितलं. डॉक्टरांनी घसा खाकरला. अंकलने एक पाऊल परत बाहेर टाकलं आणि मिस टॅननी टॉवेलची घडी उलगडली.

“आत जा, अंकल,” शरयूताई हळूच म्हणाल्या. “तिकडे तुमची माणसं आहेत.”

त्याला मराठी कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण नेहमीचा आवाज येत नाही म्हटल्यावर त्याने दुसरं काही करून बघायचं ठरवलं असावं. तो उलटा फिरला, एक पाय आत, दुसरा पाय आत, मग शेपूट. टिक्. मूठभर बिया पेटीत पडल्या. ताईंनी स्वतःच्या हाताने दार लावलं. अंकल खात होता, त्याला पत्ताही नव्हता.

“वाऽ, आंटी! सो स्टेडी!” मिस टॅन ओरडल्या. टॉवेलने त्यांनी स्वतःचंच तोंड पुसलं. आम्ही दोघंही पास झालो होतो.

नंतर बसस्टॉपवर माझी टकळी सुरूच होती. व्हिडिओ मी बघितला म्हणून, मला ऐकू आलं म्हणून वगैरे. शरयूताई पर्स मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

“समीर, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय कळलं होतं?” मी विचारलं.

“पहिल्यांदा चुकून झालं. अंकल परत फिरले, माझ्यापाशी आले. मग मी मुद्दाम करत राहिले.”

“आणि टॉवेल टाकला असता तर?” माझा आवाज चढला. मला खरंच राग आला होता. “मेला असता तो, ताई!”

“हो. काल तू तो व्हिडिओ दाखवलास तेव्हा माझी मलाच लाज वाटली.” त्या रस्त्याकडे बघत होत्या. “मुलगी निघाली तेव्हा मी फार शहाण्यासारखी वागले रे. जा म्हटलं, मजेत राहा म्हटलं, बॅगासुद्धा मीच भरल्या. हे विमानतळावर निघतात तेव्हाही तेच, सांभाळून जा. घरात मी कुणाला कधी जाऊ नको म्हटलंच नाही. म्हटलं, इथे एकदा म्हणून बघावं.” त्यांनी रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. “आणि अंकल थांबत होते रे. दर वेळी थांबत होते.”

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. माझी बस आली, दार उघडून थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

“अरे, तुझी गेली ना?” शरयूताई म्हणाल्या.

“जाऊ दे,” मी म्हणालो आणि त्यांच्या शेजारी बसलो.