पुढच्या सीटवरची गोण

परब भेटले की आधी माणसाचं वजन सांगतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. ‘बहात्तर. दिवाळीपासून तीन वाढलास.’ चिडून मी वाण्याच्या काट्यावर उभा राहिलो, तर बहात्तरच. फोर्टातल्या एका ऑफिसात त्यांनी आयुष्यभर लिफ्ट चालवली. किती माणसं आत घ्यायची हे नजरेनंच ठरवायचं. ‘ओव्हरलोड नको’ हा त्यांचा गुरुमंत्र. आमच्या लालबागच्या चाळीत लग्न असलं तर हा गृहस्थ नवरीकडे बघूनही आकडा पुटपुटतो. जाड मंडळी त्यांना टाळून दुसऱ्या जिन्यानं उतरतात.

यंदा त्यांना गाडीचं वेड लागलं. परबकाकू दीड वर्ष अंथरुणावर, एसटी त्यांना सोसणार नाही, आणि गणपतीला गावी नेईन असं परब कबूल करून बसलेले. बाजारातली सगळ्यात स्वस्त नवी गाडी त्यांनी हेरली होती. दार लावलं की बिस्किटांचा डबा मिटल्यासारखा आवाज यायचा. सकाळी म्हणायचे, ‘घेऊन टाकूया.’ संध्याकाळी पुन्हा माझ्या दारात. ‘पत्रा पातळ आसा रे. काय करू?’ मला गाडी चालवता येते, एवढ्याच गुन्ह्यापायी माझे रविवार गेले.

‘रिकामी गाडी कोणाची पण पळते. भरून बघायची,’ असं म्हणून त्यांनी घरातली तांदळाची गोण काढली. वाण्याकडे नेऊन वजन केलं. अठ्ठेचाळीस. टॅक्सीत घालून आम्ही ती परळच्या शोरूममध्ये नेली. परबांनी ती पुढच्या सीटवर बसवली आणि पट्टा लावला.

‘काका, गोण डिकीत ठेवूया ना,’ सेल्समन म्हणाला.

‘तुझ्या आईला ठेवशील डिकीत?’

त्याला पंच्याऐंशी ठरवून परबांनी मागे आपल्या शेजारी बसवलं. प्रभादेवीच्या पहिल्याच गतिरोधकावर गोण माझ्या अंगावर कलंडली. ‘नाही जमणार,’ परब म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा ‘घेऊया’. महिनाभरानं एका रविवारी तीच गोण, तीच गाडी, तोच गतिरोधक. गोण परत कलंडली. सेल्समन आता आम्हाला पाहिलं की चहा प्यायला निघून जायचा. मीसुद्धा वैतागलो होतो. गणपती तोंडावर आले होते आणि या माणसाचा काटा काही स्थिर होत नव्हता.

तिसऱ्या खेपेला गोण उचलायला दोघांची गरज पडली नाही. मी एकट्यानंच ती टॅक्सीत टाकली. जीभ सैल सुटलीच. म्हटलं, ‘काय परब, पेज करून संपवताय वाटतं?’

ते हसले नाहीत. गोणीचं तोंड नीट बांधत म्हणाले, ‘एक्केचाळीस आहे. दर रविवारी वाण्याचा काटा घरी आणतो, तुझ्या काकूला उचलून त्यावर उभा राहतो. मग माझं वजन वजा करतो. जेवढी कमी भरते, तेवढे तांदूळ काढतो.’

मला माझीच लाज वाटली.

त्या दिवशी पट्टा मी लावला. प्रभादेवीचा प्रत्येक गतिरोधक मी पायी चालणाऱ्याच्या वेगानं ओलांडला. मागून हॉर्न वाजत होते, एका टेम्पोवाल्यानं माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली. गोण जागची हलली नाही. परब मागून वाकून तिच्याकडे बघत होते. सिद्धिविनायकापाशी त्यांनी मागूनच हात जोडले.

‘बरी आसा गाडी,’ ते म्हणाले.

गाडी तीच होती. पत्रा तेवढाच पातळ होता. मी तसं म्हणणार होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘घेऊन टाकूया. पण गावापर्यंत तूच चालवायची. अशीच.’